जहाल औषधे आणि हवेची भिंत

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर असत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की ती एका छोट्या खिडकीतून आत सरकवायची. आत कंपाउंडर खलात गोळ्या कुटत, त्यांची पूड मोजून कागदाच्या पुड्या बांधत, मोठ्या बरणीतले लाल औषध बाटलीत ओतत आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवत. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस! खल चालू असताना खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ तरंगताना दिसे. ती पाहायला आम्हां मुलांना मोठी मौज वाटे.

त्या धुळीचा विचार आज मी वेगळ्या तऱ्हेने करतो. ती धूळ कंपाउंडरांच्या नाकातही जात असणारच. साध्या तापाच्या गोळीची धूळ असेल, तर फारशी काळजी नाही. पण खलात कर्करोगावरचे औषध असते तर?

रोग्याच्या गरजेप्रमाणे औषध मोजून, मिसळून, विरघळवून तयार करण्याचे काम आजही चालते. रुग्णालयांच्या औषधशाळांत ते फार महत्त्वाचे आहे. कर्करोगावरील पुष्कळ औषधांची मात्रा रोग्याच्या शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम अशी ठरवतात. त्यामुळे प्रत्येक रोग्यासाठी सलाइनची पिशवी वेगळी बनवावी लागते. लहान मुलाला गोळी गिळता येत नसेल, तर त्या गोळीचे पातळ औषध करावे लागते. हे काम करणाऱ्या माणसाचे रक्षण कसे करतात, ते या लेखात पाहू. मी औषधशास्त्राचा माणूस नाही, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पण या रक्षणाचा बराचसा भाग पदार्थविज्ञानाचाच आहे, हे वाचता वाचता तुमच्याही ध्यानात येईल.

औषध तेच, पण रोगी वेगळा आणि बनवणारा वेगळा

तुमच्या अंगणात सदाफुली असेल. याच झाडापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरील दोन प्रसिद्ध औषधे मिळतात. व्हिनब्लास्टिन १९५८ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. पेशी दुभागताना रंगसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म धागे तयार होतात. ही औषधे ते धागेच बनू देत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइड नावाचे दुसरे औषध पेशीतील डीएनएच्या रेणूलाच चिकटते आणि त्याची नक्कल होऊ देत नाही. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभागतात, म्हणून त्या या माऱ्याने मरतात.

पण औषधाला चांगली पेशी कोणती आणि वाईट कोणती हे ओळखता येत नाही. केसांच्या मुळांतील, आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही भराभर दुभागतात, आणि त्यांनाही तडाखा बसतो. रोग्याचे केस गळतात ते यामुळेच. सायक्लोफॉस्फामाइडसारखी काही औषधे स्वतःच कर्करोगाला कारण होऊ शकतात, हेही आता सिद्ध झालेले आहे.

मग ती रोग्याला का देतात? कारण रोग्याच्या बाबतीत तागडीच्या एका पारड्यात जिवावर बेतलेला रोग असतो. धोका पत्करूनही त्याचा फायदाच होतो. औषध बनवणाऱ्याच्या पारड्यात मात्र फायदा काहीच नाही. त्याच्या अंगात औषधाचा कण गेला, तर तो निव्वळ तोटा. रोगी हे औषध काही महिने घेतो. बनवणारा ते रोज, वीस-वीस वर्षे हाताळतो.

अशा औषधांना धोकादायक औषधे म्हणतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीच्या ‘नायॉश’ या राष्ट्रीय संस्थेने २००४ साली यासंबंधी सविस्तर इशारा प्रसिद्ध केला आणि औषधांची यादी दिली. ही यादी पुढे वेळोवेळी सुधारली गेली. कर्करोग उत्पन्न करणारी, गर्भाला किंवा प्रजननशक्तीला अपाय करणारी, अल्प मात्रेतही शरीरातील इंद्रियांना इजा करणारी आणि आनुवंशिक द्रव्यात बिघाड करणारी औषधे तिच्यात येतात. म्हणजे केवळ कर्करोगावरचीच नव्हे, तर काही विषाणुरोधक औषधे, काही संप्रेरके आणि अवयवरोपणानंतर द्यावयाची काही औषधेही धोकादायक ठरतात.

धूळ खाली का बसत नाही?

औषध शरीरात चार वाटांनी शिरते: श्वासावाटे, त्वचेतून, हाताचे तोंडाला लागून आणि सुई टोचून. यांतील श्वासाची वाट सर्वांत फसवी. ती का फसवी, हे एका हिशोबाने पाहू.

स्थिर हवेत पडणाऱ्या कणाचा वेग काही काळातच कायम होतो, कारण त्याचे वजन आणि हवेचा विरोध यांची बरोबरी होते. हा अंतिम वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी केला, तर वेग सुमारे शंभरपट कमी होतो. पाण्याइतक्या घनतेचे कण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आपल्या नाकाच्या पातळीवरून सोडले, तर जमिनीवर पोचायला त्यांना लागणारा वेळ असा:

१०० मायक्रॉन व्यासाचा कण: सुमारे ६ सेकंद.
१० मायक्रॉन व्यासाचा कण: सुमारे ८ मिनिटे.
१ मायक्रॉन व्यासाचा कण: सुमारे १२ तास.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा कण डोळ्यांना दिसत नाही, तो खाली बसत नाही आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. बारीक पूड हलवताना किंवा द्रव जोराने फवारला जाताना असेच कण निर्माण होतात. उन्हाच्या तिरिपेत दिसणारी धूळ त्यामानाने मोठी. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा!

चुकीच्या दिशेने वाहणारा वारा

आता एक बोधप्रद हकीकत सांगतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञापुढे एक अडचण होती. यंत्रांचे अतिशय नाजूक भाग जोडताना त्यांवर धुळीचा एकही कण बसून चालणार नव्हते. त्याने युक्ती केली. गाळलेली स्वच्छ हवा एकाच दिशेने, एकसारख्या संथ वेगाने वाहती ठेवली. नदी जशी काडीकचरा वाहून नेते, तशी ही हवा धूळ वाहून नेऊ लागली. ही कल्पना रुग्णालयांनीही उचलली. शिरेतून द्यावयाच्या औषधात जंतू पडू नयेत, म्हणून औषधशाळांत स्वच्छ हवेची टेबले आली. टेबलाच्या मागच्या बाजूच्या गाळणीतून हवा निघे, औषधावरून वाहत पुढे येई आणि बाहेर पडे.

औषध स्वच्छ राहिले. पण टेबलापुढे कोण बसलेले असे? औषध बनवणारा! अशा टेबलातील हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो. म्हणजे औषधाचा उडालेला तुषार दीड-एक सेकंदात त्याच्या छातीपर्यंत आणि चेहऱ्यापर्यंत पोचे. औषधाला वाचवणारा वारा माणसाच्या तोंडावर औषध फुंकत होता, आणि पुष्कळ वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नाही.

ते लक्षात आणून देणारे साधनही मोठे गमतीचे आहे. ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या काही वर्षांत एक चाचणी तयार केली. तिच्यात असे जिवाणू वापरतात, की ज्यांना हिस्टिडीन नावाचे अन्नद्रव्य स्वतः बनवता येत नाही. ते न घातलेल्या बशीत हे जिवाणू वाढत नाहीत. परंतु एखाद्या पदार्थामुळे त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात बदल झाले, तर त्यांतील काही जिवाणूंना ही कला परत साधते आणि बशीत त्यांचे ठिपके दिसू लागतात. जितके ठिपके जास्त, तितका तो पदार्थ बदल घडवण्यात जहाल.

१९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीची अशी चाचणी केली. ही औषधे न हाताळणाऱ्या लोकांच्या तुलनेत परिचारिकांच्या नमुन्यांत आनुवंशिक बदल घडवण्याची शक्ती अधिक आढळली. या परिचारिकांनी औषध घेतलेले नव्हते, नुसते तयार केलेले आणि दिलेले होते. १९८२ साली अमेरिकेत औषधशाळेतील कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. आडव्या वाऱ्याच्या टेबलावर काम करणाऱ्यांच्या नमुन्यांत असा परिणाम दिसला. तेच काम वरून खाली वाहणाऱ्या हवेच्या कपाटात केल्यावर तो दिसेनासा झाला. १९८५ साली पुन्हा फिनलंडमध्येच, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणे आणि गर्भपात होणे यांत संबंध असल्याचे परिचारिकांच्या पाहणीतून दिसून आले.

औषधे तीच होती, माणसेही काळजीने काम करणारी होती. वाऱ्याची दिशा तेवढी चुकली होती.

हवेची भिंत

आज अशा कामासाठी सुरक्षा-कपाट वापरतात. त्याला पुढून काच असते आणि काचेखाली हात घालण्यापुरती फट. वरच्या गाळणीतून स्वच्छ हवा संथपणे खाली येते, त्यामुळे औषध निर्मळ राहते. त्याच वेळी फटीतून बाहेरची हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत ओढली जाते आणि समोरच्या जाळीतून खाली जाते. माणूस आणि औषध यांच्यामध्ये जणू हवेची एक भिंत उभी राहते. ती दिसत नाही, पण कणांना बाहेर येऊ देत नाही.

ही भिंत नाजूक असते. आपण हात झटकन ओढला, तर त्याचा वेग सहज सेकंदाला एक मीटर होतो, म्हणजे भिंतीच्या वेगाच्या दुप्पट. हाताबरोबर आतली हवाही बाहेर येते. म्हणून या कपाटात काम करणाऱ्याने हात सावकाश आणि सरळ रेषेत आतबाहेर करायचे असतात आणि पुढच्या जाळीवर कागद किंवा हात ठेवायचा नसतो.

कपाटातील ‘हेपा’ गाळणी ०.३ मायक्रॉन व्यासाच्या १०,००० कणांपैकी किमान ९,९९७ कण अडवते. तुम्हांला वाटेल, ही फार बारीक छिद्रांची चाळण असावी. पण तसे नाही. तिच्या तंतूंमधील मोकळ्या जागा पुष्कळ कणांहून मोठ्या असतात! मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालते, पण घाटात भरधाव आलेल्या गाडीला वळण घेता येऊ नये, तसा तो कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी छोट्या कणाला हवेचे रेणू सारखे धक्के देतात. तो भरकटत जातो आणि कोठेतरी तंतूला चिकटतो. रॉबर्ट ब्राऊनने १८२७ साली पाण्यातील सूक्ष्म कणांत पाहिलेली तीच ही ब्राउनी गती. मधल्या आकाराचा कण पुरेसा जडही नसतो आणि पुरेसा भरकटतही नाही. म्हणून ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड, आणि म्हणूनच गाळणीची परीक्षा त्याच्यावर घेतात.

मात्र वाफेपुढे या गाळणीचे काही चालत नाही, कारण सुटे रेणू तिच्यातून पार जातात. त्यामुळे नुसते गाळून भागत नाही. अशा कपाटातील हवा नळाने इमारतीबाहेर सोडणे अधिक सुरक्षित असते.

एका खोलीचे गणित

कपाट ज्या खोलीत असते, तिचीही व्यवस्था असते. अमेरिकेच्या ‘यू.एस.पी.’ या औषधकोशाचे ८०० क्रमांकाचे प्रकरण याच विषयावर आहे. ते २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि २०१९ साली अधिकृत झाले. त्यानुसार या खोलीतील हवेचा दाब शेजारच्या जागेपेक्षा पाण्याच्या ०.०१ ते ०.०३ इंच स्तंभाइतका कमी ठेवावा लागतो.

०.०१ इंच म्हणजे पाव मिलिमीटर पाणी! हा दाब सुमारे २.५ पास्कल होतो. वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. म्हणजे हा फरक त्याचा चाळीस हजारावा भाग. एवढ्याशा फरकाने काय होणार? हिशोब करू. दार दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद धरले, तर त्यावरील बल २ × २.५ = ५ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाइतके. दार उघडताना ते जेमतेम जाणवेल. पण फटीतून शिरणाऱ्या हवेचा वेग काढा. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरून आणि घर्षण सोडून दिले, तर दाबातील फरक = ½ × घनता × वेगाचा वर्ग. यावरून वेग येतो सेकंदाला सुमारे २ मीटर. झपाझप चालणाऱ्या माणसापेक्षाही हा वेग जास्त आहे. खोलीतला कण फटीतून बाहेर जाऊ पाहील, तर त्याला या वाऱ्याविरुद्ध पोहत जावे लागेल!

ही गोष्ट घरी करून पाहता येईल. वडील माणसाला बरोबर घ्या. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करून हवा बाहेर टाकणारा पंखा लावा आणि दार बोटभर उघडे ठेवा. शेगडी बंद असू द्या. दाराच्या फटीजवळ, पडद्यापासून दूर, पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ वर न जाता आत वळेल. आता दार सताड उघडा. तोच धूर फारसा वळणार नाही. दार उघडे राहिले की दाबातील फरक नाहीसा होतो. या खोल्यांची दारे उघडी टाकू नयेत असा नियम का, ते यावरून कळेल.

निर्जंतुक औषधे बनवण्याच्या खोलीत तासाला किमान ३० वेळा हवा बदलावी लागते. हवा नीट मिसळत असेल, तर एका बदलानंतर मूळच्या कणांपैकी सुमारे ३७ टक्के उरतात, दुसऱ्यानंतर त्यांचे ३७ टक्के, असे चालते. शंभरातील नव्याण्णव कण जायला सुमारे ४.६ बदल लागतात. तासाला ३० बदल असतील, तर हे काम ९ मिनिटांत होते. तासाला दोनच बदल होणाऱ्या खोलीत मात्र सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागेल.

कुपीतला बॉइल

मुळात कण उडूच नयेत, हे सर्वांत उत्तम. रबरी बुचाच्या कुपीत औषधाची पूड आहे आणि वर २० मिलिलिटर हवा आहे असे समजा. सिरिंजने १० मिलिलिटर पाणी आत ढकलले. हवेला आता १० मिलिलिटरच जागा उरली. बॉइलच्या नियमाने तिचा दाब दुप्पट झाला. आता सुई बाहेर काढली की काय होईल? छिद्रातून औषधाचा फवारा उडेल.

म्हणून थोडे पाणी आत सोडायचे आणि तेवढीच, किंबहुना किंचित जास्त, हवा सिरिंजमध्ये काढून घ्यायची, असे टप्प्याटप्प्याने करतात. कुपीतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच राहिला पाहिजे. आता बंद जोडणीची साधनेही मिळतात. त्यांत कुपीतून निघालेली हवा छोट्या फुग्यासारख्या कप्प्यात साठते किंवा गाळून शुद्ध केली जाते.

लग्नघरातील हळद

लग्नघरी हळद लागल्यावर काय होते, ते आठवा. नवरदेवाची हळद दाराच्या कडीला, पाण्याच्या तांब्याला, करवलीच्या पदराला आणि शेवटी ज्याने हळदीला हातही लावला नाही अशा पाहुण्याच्या सदऱ्यालाही लागते. औषधाचेही असेच होते, फक्त ते पिवळे दिसत नाही. १९९९ साली अमेरिका आणि कॅनडा येथील सहा कर्करोग केंद्रांत जागोजागी पृष्ठभाग पुसून नमुने तपासले, तेव्हा औषधशाळांतील सुमारे तीन-चतुर्थांश नमुन्यांत ही औषधे सापडली.

म्हणून हातमोज्यांचे दोन जोड घालतात. वरचा जोड थोड्या थोड्या वेळाने बदलावा लागतो, कारण औषधाचे रेणू रबरातूनही हळूहळू झिरपतात. पाठीमागे बंद होणारा, द्रव न शोषणारा गाऊन घालतात. जागा साफ करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी योग्य रसायनाने औषध निष्क्रिय करायचे, मग ते पुसून काढायचे, मग जागा धुवायची आणि शेवटी जंतुनाशक लावायचे. पुष्कळांना वाटते, स्पिरिटने पुसले की झाले. पण स्पिरिट जंतू मारते, औषध निष्क्रिय करत नाही. हळदीच्या डागावर ओला बोळा फिरवला तर डाग पसरतो, तसे औषध टेबलभर पसरते.

आधी काय, नंतर काय?

तोंडाला मास्क आणि हातात मोजे एवढे असले की सुरक्षितता झाली, असा आपला समज असतो. खरे तर ती शेवटची तटबंदी आहे. पहिली बंद जोडणीची, दुसरी कपाटातील हवेच्या भिंतीची, तिसरी खोलीतील कमी दाबाची, चौथी कामाच्या शिस्तीची आणि सर्वांत शेवटी मोजे व गाऊन. आधीच्या तटबंद्या नसतील, तर सगळा भार एका पातळ रबरावर पडतो. साधा कापडी मास्क तर एक मायक्रॉनच्या कणांपुढे जवळजवळ उघडे दारच होय.

तुम्हांलाही यातून एक गोष्ट लगेच करता येईल. घरात कोणासाठी अशी गोळी आली असेल, तर ती फोडण्यापूर्वी, कुटण्यापूर्वी किंवा कॅप्सूल उघडण्यापूर्वी औषध देणाऱ्याला विचारा. गिळता येत नाही म्हणून आजी नातवाची गोळी चमच्याने कुस्करते, तेव्हा स्वयंपाकघराचीच औषधशाळा होते, आणि तिथे हवेची भिंत नसते.

सलाइनची एक पिशवी रोग्याच्या खाटेपाशी लटकते, तेव्हा डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसते. ती पिशवी भरणारे हात कोठेतरी काचेमागे असतात. रोग्याला बरे करताना ते हातही धडधाकट राहावेत, यासाठी पाव मिलिमीटर पाण्याच्या दाबाचीही काळजी घ्यावी लागते.